राज्य कोणावर आहे?



2025 साली अमेरिकेतल्या शाळांमधून 'सिक्स सेव्हन'ची साथ आली होती. मुले दोन्ही तळहात तराजूसारखे वर-खाली करत 'सिक्स सेव्हन' म्हणायची आणि खो खो हसायची. अर्थ विचारला तर आणखी हसायची, कारण अर्थ नव्हताच. एका रॅप गाण्यातून उचललेले ते दोन आकडे होते. वर्षअखेरीस 'डिक्शनरी डॉट कॉम'ने तोच 'वर्षाचा शब्द' म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी केंब्रिजच्या शब्दकोशात 'स्किबिडी' दाखल झाला. माझ्या ओळखीच्या अनेक आईवडिलांनी तेव्हा कपाळाला हात लावला. मी त्यांना एवढेच म्हणत असे, की शब्दकोशात गेला म्हणजे तो शब्द मैदानातून निघाला असे समजा. आईबाबांना कळलेला शब्द मुलांच्या काय कामाचा?

आपल्यापैकी जे सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढले, त्यांनीही हेच केले आहे. 1985 च्या 'युद्ध' चित्रपटात अनिल कपूरने 'झक्कास' म्हटले आणि पुढची काही वर्षे आपल्याला दुसरे विशेषण सुचेना. 'कल्टी मारणे', 'रापचिक', 'खल्लास' यांची तीच गत. आज पुण्यातल्या एखाद्या कॉलेजकुमाराला 'झक्कास' म्हणून पाहा. आजोबा 'फर्मास' म्हणायचे तेव्हा आपण त्यांच्याकडे जसे पाहत असू, तसा तो तुमच्याकडे पाहील. तेव्हा मुलांच्या बोलीबद्दल गळा काढण्यासाठी हे संपादकीय नाही. ती बोली येते आणि जाते, आणि बहुतेक वेळा जाते.

पण मैदानावरचे सगळेच शब्द असे अल्पायुषी नसतात. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने आयुष्यभर मुलांच्या बोलीचा आणि खेळांचा अभ्यास केला. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका मोठ्या पुस्तकासाठी त्यांनी सुमारे 70 शाळांतल्या 5000 मुलांकडून माहिती गोळा केली होती. त्यात एक प्रकरण आहे ते खेळात मध्येच 'थांबा, मी आत्ता खेळात नाही' असे सांगण्याच्या शब्दांबद्दल. कुठे 'बार्ली', कुठे 'फेनाइट्स', ईशान्येकडे 'स्किंच'. त्यांतल्या काही शब्दांची मुळे मध्ययुगापर्यंत जातात. राजे बदलले, साम्राज्य आले आणि गेले, आणि मुले मात्र एकमेकांना तोच शब्द देत राहिली. मधल्या काळात कोणत्याही शिक्षकाने तो शिकवला नव्हता. आपला 'टाइम प्लीज', म्हणजे खरे तर 'टॅम्प्लीज', हाही त्यातलाच. इंग्रजीचा गंध नसलेली मुलेसुद्धा तो बिनदिक्कत वापरत. आणि एकदा 'टॅम्प्लीज' म्हटले की दांडगटातला दांडगट मुलगाही हात लावत नसे. तो कायदा होता आणि तो मुलांनीच केलेला होता.

म्हणजे काही शब्द वर्षभरात मरतात, काही शतकानुशतके टिकतात. मला आज लिहायचे आहे ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. त्यात शब्द दर काही वर्षांनी बदलतो, पण खेळ तोच राहतो. इथे अमेरिकेत ज्यांची मुले प्राथमिक शाळेत गेली आहेत, त्यांनी 'कूटीज' हा शब्द ऐकला असेलच. अमक्या मुलीला 'कूटीज' आहेत, तिला हात लागला तर ते आपल्यालाही लागतात, मग ते दुसऱ्या कोणाला तरी हात लावून घालवायचे, किंवा मैत्रिणीकडून हातावर बोटाने खोटे इंजेक्शन टोचून घ्यायचे. आपण हे ऐकतो, हसतो आणि गाडी सुरू करतो.

या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मलाय भाषेत 'कुतू' म्हणजे ऊ. शब्दकोशकारांच्या मते बहुधा तिथूनच तो इंग्रजी बोलणाऱ्या खलाशांच्या आणि सैनिकांच्या तोंडी आला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत अंगावर पडणाऱ्या उवांना सैनिक 'कूटीज' म्हणत. युद्ध संपले, सैनिक घरी आले, उवा गेल्या, शब्द राहिला. पुढे तो मुलांच्या हाती पडला आणि खऱ्या उवेची जागा न दिसणाऱ्या उवेने घेतली. 1949 साली मिनेसोटातल्या एका खेळणी बनवणाऱ्याने याच नावाचा प्लास्टिकचा किडा बाजारात आणला, आणि तो घराघरांत पोचला.

ब्रिटनमधल्या मित्रांना 'कूटीज' माहीत नसेल, त्यांच्या मुलांना 'लर्गी' माहीत असते. हा शब्द प्रसिद्ध झाला तो बीबीसीच्या 'गून शो' या रेडिओ कार्यक्रमामुळे. नोव्हेंबर 1954 च्या एका भागात ब्रिटनवर 'लर्गी' नावाच्या भयंकर रोगाची साथ येते. पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांना म्हणे हा रोग होत नाही. मग सारा देश पितळी वाद्ये विकत घेत सुटतो. शेवटी कळते की रोग मुळात नाहीच, वाद्ये विकणाऱ्यांनीच ती आवई उठवली होती. या भागाच्या दोन लेखकांपैकी एक स्पाइक मिलिगन. त्यांचा जन्म 1918 साली अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश लष्करात होते आणि स्पाइकच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. अस्तित्वातच नसलेला रोग, त्याची भीती, आणि त्या भीतीवर चालणारे कोणाचे तरी दुकान: विनोद म्हणून लिहिलेली ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्या दुकानाला लागू पडते, हे वेगळे सांगायला नको. मिलिगन यांच्या मनात तसे काही होते असे मी म्हणत नाही. पण ब्रिटिश मुलांनी त्या कार्यक्रमातून नेमका हाच शब्द उचलला आणि शिवण्याच्या खेळाला जोडून टाकला, हे मात्र खरे.

पुढचे टप्पे आपल्या डोळ्यांसमोरचे आहेत. जेफ किनी यांचे 'डायरी ऑफ अ विम्पी किड' 2007 साली आले. त्यात शाळेच्या मैदानावर पडलेल्या एका कुजक्या चीजच्या तुकड्याला ज्याचा हात लागतो त्याला 'चीज टच' होतो, आणि मग त्याच्याजवळ कोणी जात नाही. तो घालवण्याचा एकच मार्ग, दुसऱ्याला शिवणे. एक मुलगा कॅलिफोर्नियाला राहायला जातो तेव्हा 'चीज टच' सोबत घेऊन जातो आणि बाकीची मुले सुटकेचा निःश्वास टाकतात. पुस्तकातला हा खेळ खऱ्या शाळांमध्येही खेळला जाऊ लागला. 2020 मध्ये 'कोरोना'ने त्याची जागा घेतली. ज्याच्यावर राज्य त्याला कोरोना, अशी पकडापकडी अनेक देशांतली मुले खेळली. संशोधकांनी तिची नोंद करून ठेवली आहे. मुले भीतीशी खेळत होती, आणि त्यात काही वावगे नव्हते. पण त्याच सुमारास अमेरिकेतल्या चिनी, कोरियन, व्हिएतनामी वंशाच्या मुलांना वर्गमित्रांकडून 'तुम्हीच तो व्हायरस' असे ऐकावे लागत होते. नाव तेच, पण तिथे खेळ संपला होता.

आता आपल्या मैदानावर येऊ. पळून दुसऱ्याला शिवण्याच्या या खेळाला मराठीत काय म्हणतात? कुठे पकडापकडी म्हणतात, कुठे शिवणापाणी. आणि कुठे, अगदी सहज, शिवाशिवी. आमच्या वाड्याच्या अंगणात आम्ही 'शिवाशिवी'च म्हणायचो. शेवटच्या वेलांटीचा काय तो फरक, एरवी हा तोच शब्द आहे ज्याने आपल्या समाजाने माणसांना विहिरीपासून, देवळापासून, शाळेच्या बाकापासून दूर ठेवले. शिवाशीव. खेळ आधी की रूढी आधी, हा वाद भाषाशास्त्रज्ञांसाठी ठेवू. एवढे खरे, की आपल्या भाषेत लहान मुलांच्या एका निरागस खेळाचे आणि समाजातल्या सर्वांत क्रूर नियमाचे नाव एकाच क्रियापदावरून आले आहे. आणि त्याच क्रियापदावरून तिसरीही गोष्ट आली आहे. 'आईला कावळा शिवलाय, तिला शिवू नकोस.' खेळून घामाघूम होऊन घरी आलेल्या मुलाला हे वाक्य ऐकवले जाई, आणि मूल कोपऱ्यात वेगळ्या बसलेल्या आईकडे लांबून पाहत उभे राही. कावळा कुठून आला आणि त्याने नेमके आईलाच का शिवले, हे विचारायची सोय नव्हती. अंगणातला नियम आणि घरातला नियम यांत एकच फरक होता. अंगणात आपण नव्याने शिवले जाऊ शकत होतो आणि लगेच सुटूही शकत होतो.

या फरकाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. मराठी खेळात ज्याने इतरांना पकडायचे त्याच्यावर 'राज्य' येते. इंग्रजीत त्याला नुसते 'इट' म्हणतात, म्हणजे 'ते', माणूससुद्धा नाही. आपण त्याला राज्य देतो. गंमत म्हणजे हे राज्य कोणालाच नको असते, प्रत्येक जण ते दुसऱ्यावर ढकलण्यासाठी धावत असतो. आणि खेळ चालतो तो त्याचमुळे: राज्य फिरत राहते. आत्ता माझ्यावर, मग तुझ्यावर, मग त्याच्यावर. फिरते राज्य हा खेळ आहे. ज्या दिवशी राज्य एकाच मुलावर येऊन थांबते आणि बाकी सगळे फक्त पळतात, त्या दिवशी तो खेळ राहत नाही, मग त्याला नाव काहीही द्या.

बॅरी थॉर्न या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया आणि मिशिगनमधल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर मुलांसोबत बराच काळ घालवला. त्यांचे 'जेंडर प्ले' हे पुस्तक 1993 साली प्रसिद्ध झाले. 'कूटीज'सारख्या खेळांना त्या 'विटाळाचे विधी' अशा अर्थाचेच नाव देतात. त्यांचे निरीक्षण असे की 'कूटीज' मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त चिकटवले जातात, आणि काही मुलींवर तर ते कायमचे बसतात. असे कायमचे बसणे वर्गातल्या मोठ्या उतरंडीला धरून होते. म्हणजे मुले हवेतून कोणाला तरी निवडत नाहीत. मोठ्यांच्या जगात कोणाला खालचे समजले जाते, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलेले असते. 'कूटीज' हा शब्द त्यांनी मैदानावर शिकलेला असतो. तो कोणाला चिकटवायचा हे ती मैदानावर शिकत नाहीत.

मग अशा वेळी शाळा काय करते? शब्दावर बंदी घालते. आपण घरी काय करतो? 'असं बोलू नये' म्हणतो. त्याचा उपयोग किती होतो, याचा एक बोलका दाखला ब्रिटनमधला आहे. जोई डीकन हे सेरेब्रल पाल्सी असलेले गृहस्थ. 1981 या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात 'ब्लू पीटर' या मुलांच्या लोकप्रिय कार्यक्रमाने त्यांना पडद्यावर आणले. हेतू अतिशय चांगला होता. परिणाम असा झाला की देशभरच्या मैदानांवर 'जोई' हीच एक नवी शिवी झाली. तिथे 'स्पॅस्टिक' हा शब्द तर आधीपासून शिवीसारखा वापरला जात होता, इतका की 'स्पॅस्टिक्स सोसायटी' या जुन्या संस्थेने 1994 साली आपले नाव बदलून 'स्कोप' केले. थोड्याच काळात काही मैदानांवर मुले एकमेकांना 'स्कोपर' म्हणू लागली. नाव बदलणे चूक होते असे नाही. ज्याला शब्द लागतो त्याला तो बदलण्याचा हक्क आहेच. पण शब्द बदलल्याने राज्य फिरत नाही. आपल्याकडे गांधीजींनी 'हरिजन' शब्द रूढ केला तेव्हा हेतू शुद्धच होता, पण ज्यांना तो दिला त्यांनी तो नाकारला, कारण त्यांना नवे नाव नको होते, पाणी आणि शाळा हवी होती. 'अपंग'चे सरकारी कागदोपत्री 'दिव्यांग' झाले, पण त्यामुळे एखाद्या शाळेला आपोआप उतार बांधला जात नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'कूटीज' आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. मधली सुट्टी संपली की 'कूटीज' संपतात. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव नावाच्या मुलाचे नाव घातले गेले, त्याची गोष्ट वेगळी होती. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने पाणी वाढले तर प्यायचे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहायचे. इतर मुलांना नळ स्वतः उघडता येत होता. त्या वर्गात राज्य कधीच फिरणार नव्हते, आणि ते फिरू न देण्यासाठी शिक्षक, शिपाई, पालक अशी मोठी माणसे नेमलेली होती. मुलांचा क्रूर खेळ आणि मोठ्यांची व्यवस्था यांत हा फरक आहे. महाराष्ट्रात 2017 पासून 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच शाळाप्रवेशाच्या स्मरणार्थ. आपल्या मंडळांच्या कॅलेंडरात गणपती, दिवाळी, संक्रांत असते. त्यात हा एक दिवस का नसावा?

हे सगळे आज लिहिण्याचे कारण सांगतो. कॅलिफोर्नियात 2005-06 साली सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून आणि पुन्हा 2016 साली अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरून वाद झाला, तेव्हा आपल्या समाजातून एक मुद्दा हिरिरीने मांडला गेला: पुस्तकात जातिव्यवस्था शिकवली तर वर्गात आपल्या मुलांना चिडवतील. 2023 साली फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर कायद्याने बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा आणि शिक्षण मुंबईचे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी, आधीचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून, त्यावर नकाराधिकार वापरला. त्या चर्चेतही तोच सूर होता: आमच्या मुलांना जात ठाऊकच नाही, तुम्ही ती त्यांना शिकवाल.

चिडवले जाण्याची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. डब्यातल्या भाजीच्या वासावरून, तेल लावलेल्या केसांवरून, न जमणाऱ्या उच्चारावरून आपल्या मुलांवर राज्य आलेले आहे. 'तुझी जात कोणती?' असे एखाद्या वर्गमित्राने धड्यानंतर विचारले तर अकरा वर्षांच्या मुलाला ते जड जाते. पण उपाय काय? धडा फाडणे हा उपाय असेल तर ज्या मुलांचे आजी-आजोबा त्या धड्यात गोणपाटावर बसलेले आहेत त्यांचे काय करायचे? तीही याच शाळांत शिकत आहेत, याच देशात, आणि तीही मराठी बोलतात. 'आपली मुले' म्हणताना आपण त्यांना मोजतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. आपल्या मुलांवरचे राज्य टाळण्यासाठी त्यांच्या आजोबांची हकीकत पुसणे म्हणजे पुन्हा एकदा राज्य त्यांच्यावर ढकलून पळणेच झाले.

शिवाय, मुलांना हे समजणार नाही, हे गृहीतच चूक आहे. शिवण्यावर उभा असलेला भेद त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतो, कारण ती रोज मैदानावर त्याची छोटी आवृत्ती पाहतात. त्यांना फक्त पुढचा भाग सांगायला हवा, की आपल्याकडे हा खेळ नव्हता, आणि तो मोडून काढणारी माणसेही आपल्याकडेच झाली. 1848 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने शाळेतूनच लिहिलेला तो निबंध आहे. 1868 साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. एका अर्थाने तोही शिवण्याचाच प्रसंग होता. ज्यांनी शिवू नये असे ठरले होते, ते शिवले. ही गोष्ट ऐकलेले मूल वर्गात मान खाली घालणार नाही. त्याला विचारले तर सांगण्यासारखे काहीतरी त्याच्याजवळ असेल.

आता थोडे घरातल्या शब्दांबद्दल, कारण मुले नेम धरायला शिकतात ती तिथेच. शनिवारच्या पार्टीत गप्पा रंगलेल्या असतात. मुले शेजारच्या खोलीत व्हिडिओ गेम खेळत असतात, आणि त्यांना मराठी 'तितकेसे' कळत नाही यावर आपला फार विश्वास असतो. कोणीतरी नव्या कुटुंबाबद्दल विचारतो, 'आडनाव काय म्हणालात?' आणि आडनाव ऐकून कोणीतरी 'असं होय' म्हणतो. कोणी आरक्षणावरून 'सरकारचे जावई' असा विनोद करतो. कोणी ऑफिसातल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचा उल्लेख 'कल्लू' असा करतो. लग्नाच्या मुलीबद्दल 'सावळी आहे, पण हुशार आहे' असे बोलले जाते, आणि त्या 'पण'कडे कोणाचे लक्ष जात नाही. मुलांना शब्द कळोत न कळोत, सूर कळतो. कोणाचे नाव आले की आवाज खाली जातो, कोणाचे नाव आले की हशा होतो, हे त्यांना पाचव्या वर्षीही कळते. सोमवारी मैदानावर गेल्यावर ती तिथला ताजा शब्द उचलतात आणि घरी शिकलेला नेम वापरतात. 'आमची मुलं जात मानत नाहीत' असे म्हणताना या शनिवारचा हिशोब कोणी धरत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मूल शाळेतून एखादा नवा शब्द घेऊन आले तर त्याचा अर्थ विचारण्यात वेळ घालवू नका. बहुतेक वेळा तो नसतोच, आणि असला तरी पुढच्या वर्षी शब्द जाईल. आपल्या खेळातला प्रश्न विचारा: राज्य कोणावर आहे? आणि मग पुढचा: काल कोणावर होतं? परवा कोणावर होतं? उत्तरात नावे बदलत असतील तर हसा आणि विषय सोडून द्या. मुले खेळत आहेत. पण रोज एकच नाव येत असेल तर थांबा. ते नाव आपल्या मुलाचे असेल तर शाळेत जा, शिक्षकांना भेटा. आणि ते दुसऱ्या कोणाचे असेल, आपले मूल पळणाऱ्यांत असेल, तरीही जा. बहुतेक पालक फक्त पहिल्या वेळी जातात.

मुलांना यात काय करता येते, तेही त्यांच्याच खेळात आहे. आपल्या अंगणात 'कच्चा लिंबू' नावाची एक सोय होती. काही ठिकाणी 'लिंबूटिंबू' म्हणत. कोणाचा तरी धाकटा भाऊ, कोणाची तरी पाहुणी आलेली बहीण, किंवा ज्याला नीट पळता येत नाही असा मुलगा, यांना खेळात घ्यायचे, पण त्यांच्यावर राज्य आणायचे नाही. हा नियम कोणा सरकारने केला नव्हता. सहा-सात वर्षांच्या मुलांनी, सगळ्यांना खेळता यावे म्हणून, तो केला होता. आणि लिंबू मोठा झाला की तो कच्चा राहत नसे. एक दिवस तोच हट्टाने सांगे, 'आता माझ्यावरही राज्य आणा.' मुले क्रूर असतात असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे या नियमात आहे. इथल्या आपल्या मुलांना 'टॅम्प्लीज' आणि 'कच्चा लिंबू' हे दोन शब्द जरूर शिकवा. रविवारच्या मराठी शाळेत व्यंकटेशस्तोत्र आणि ळ चा उच्चार आपण शिकवतोच. एखादा तास अंगणातही घ्या.

'सिक्स सेव्हन' सारखे शब्द येतील, जातील. 'कूटीज'च्या जागी उद्या आणखी कोणते तरी नाव येईल आणि आपल्याला ते कळेपर्यंत तेही जुने झालेले असेल. त्याच्या मागे धावून उपयोग नाही. राज्य फिरते आहे ना, एवढे मात्र मैदानावर आणि शनिवारच्या पार्टीतही पाहत राहणे आपल्या हातात आहे.

आपले अनुभव आणि मतभेद जरूर कळवा. विशेषतः ज्यांनी लहानपणी फिरते राज्य आणि न फिरणारे राज्य दोन्ही पाहिले आहे, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.